मनगटावरच्या मिनिटांची वंशावळ

डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायला निघालेला माणूस आधी स्क्रीन बघतो, मग बॅटरी, मग किंमत. तपशिलाच्या यादीत कुठेतरी खाली 'अल्गोरिदम' असा एक रकाना असतो. त्यात 'ब्यूलमान झेडएचएल-१६सी', 'आरजीबीएम', 'डीसॅट' अशी नावं असतात आणि बहुतेकांची नजर त्यांवरून घसरून पुढे जाते. पाण्याखाली गेल्यावर मात्र सगळा भरवसा त्याच रकान्यावर असतो. खाली किती वेळ राहायचं, वर येताना कुठे थांबायचं आणि किती, हे तिथलं गणित ठरवतं.

मनगटावरचं हे यंत्र प्रत्यक्षात मोजतं काय? पाण्याचा दाब, वेळ आणि जोडीला तापमान. महागड्या यंत्रांत टाकीतल्या हवेचा दाबही. तुमच्या रक्तात किती नायट्रोजन विरघळलाय, सांध्यात बुडबुडा धरलाय की नाही, काल रात्री झोप झाली होती का, यातलं त्याला काहीही दिसत नाही. तरी ते ठामपणे सांगतं की अजून १४ मिनिटं आहेत. हा ठामपणा उसना आहे. ज्यांच्या शरीरांवर हे आकडे आधी पारखले गेले, त्यांच्याकडून तो आलाय. ती शरीरं कुणाची होती आणि त्यांच्यापासून मनगटापर्यंत आकडा कसा पोचला, हे एकदा नीट लावून पाहिलं की दुकानातली निवड पुष्कळ सोपी होते.

पुलांच्या पायातलं दुखणं

खोल पाण्यात दाब वाढतो तसा श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळत जातो. दाब सावकाश उतरला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. झटक्यात उतरला तर जागच्या जागी बुडबुडे धरतात. रॉबर्ट बॉइलनं निर्वात पात्रात ठेवलेल्या सापाच्या डोळ्यात असा बुडबुडा हलताना पाहिला आणि १६७० मध्ये त्याची नोंद केली. पण तेवढ्या दाबाखाली माणूस अजून राबत नव्हता, त्यामुळे ती नोंद पावणेदोनशे वर्षं नुसतीच पडून राहिली.

एकोणिसाव्या शतकात ती वेळ आली. फ्रान्समध्ये ल्वार नदीपाशी कोळशापर्यंत पोचण्यासाठी त्रिजे या इंजिनियरनं दाबाची हवा भरून पाणी थोपवणारा खड्डा खणला आणि १८४१ मध्ये मजुरांच्या सांधेदुखीची नोंद केली. पुढे सेंट लुईसला मिसिसिपीवर ईड्स पूल बांधताना नदीतळाशी हवाबंद पेट्यांत काम करणारी माणसं वर येऊन कोसळू लागली. त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॅमिने स्वतः पेटीत उतरून आले आणि त्यांनाही अर्धांगाचा झटका आला. ब्रुकलिन पुलाचे मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच दुखण्यानं अंथरुणाला खिळले. १८८३ मध्ये पूल खुला होईपर्यंत कामावरचा दुवा त्यांच्या पत्नी एमिली यांनी सांभाळला. दुखण्याचं मूळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांत आहे, हे पॅरिसचे पॉल बेर यांनी १८७८ च्या ग्रंथात प्रयोगांनिशी दाखवलं. हळू वर या, हा त्यांचा सल्ला बरोबर होता. पण हळू म्हणजे किती, याचा आकडा कुणापाशीच नव्हता.

पंच्याऐंशी शेळ्या

तो आकडा काढला जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञानं. ब्रिटिश नौदलाला डायव्हर सुरक्षित वर आणायचे होते. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लुडविग माँड यांनी दिलेली बॉयलरसारखी पोलादी टाकी होती. तिच्यात शेळ्यांना ठरावीक दाबाखाली ठरावीक वेळ ठेवायचं, मग दाब उतरवायचा आणि बाहेर काढून निरखत बसायचं. सांध्यात कळ आली की शेळी पुढचा एक पाय उचलून धरते. हीच मुख्य खूण. कोणत्या दाबानंतर, किती वेळानं, किती शेळ्यांनी पाय उचलला, याचे तक्ते तयार झाले. एकूण ८५ शेळ्या या कामी आल्या.

हॉल्डेनच्या हाती दोन गोष्टी लागल्या. पहिली अशी की बारा-तेरा मीटर खोलीवर कितीही वेळ राहून थेट वर आलं तरी डायव्हरला सहसा काही होत नाही. म्हणजे दाब साधारण निम्म्यावर आला तर शरीर ते सोसतं. मग सबंध अंतर संथपणे चढत बसण्यापेक्षा आधी निम्म्या दाबापर्यंत बेधडक यावं आणि तिथून टप्प्याटप्प्यानं थांबत यावं. दुसरी गोष्ट अशी की शरीराचे सगळे भाग सारख्या वेगानं नायट्रोजन घेत नाहीत. एकाच पातेल्यात मूग, मटकी आणि छोले भिजत घातले, तर मूग काही तासांत फुगतो आणि छोल्यांना रात्र लागते, तसंच हे. हॉल्डेननं शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले आणि प्रत्येकाला अर्धा भरायला लागणारा वेळ दिला: ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं. पाच मिनिटांचा कप्पा पाच मिनिटांत अर्धा भरतो, पुढच्या पाचांत उरलेल्याचा अर्धा, आणि असंच पुढे. हे कप्पे म्हणजे मेंदू, स्नायू, चरबी असे खरे अवयव नव्हेत. हिशोब जुळावा म्हणून आखलेली ती विभागणी आहे. आजच्या सगळ्यात महागड्या घड्याळातही हाच आराखडा चालतो, फक्त कप्पे वाढलेत.

शेळ्यांवर जमलेलं माणसांवर १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या लॉख स्ट्रिव्हन या खाडीत तपासलं गेलं. नौदलाचे लेफ्टनंट डॅमंट आणि गनर कॅटो २१० फुटांपर्यंत, म्हणजे ६४ मीटर, उतरले आणि धडधाकट वर आले. त्याच मोहिमेत हॉल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगाही बेतशीर खोलीवर एक डाइव्ह करून आला. पोशाख त्याच्या मापाचा नव्हता आणि आत पाणी शिरलं होतं. हा मुलगा म्हणजे पुढचे विख्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. १९३९ मध्ये 'थेटिस' पाणबुडी बुडाल्यावर त्यांनी दाबाच्या टाकीत स्वतःवरच प्रयोग केले. १९५७ मध्ये ते भारतात आले, आधी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आणि मग भुवनेश्वरला. इथलं नागरिकत्व घेऊन १९६४ मध्ये ते भुवनेश्वरलाच वारले. वडिलांचा शेळ्यांच्या प्रयोगांवरचा निबंध सहकारी बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. आकडे, तक्ते, तर्क सगळं छापून सर्वांसमोर ठेवलेलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण या वंशात जे टिकलं ते असंच उघड्यावर मांडलेलं टिकलं.

पुढची पन्नास वर्षं अमेरिकी नौदलानं हे आकडे घासूनपुसून घेतले. लवकर भरणारे कप्पे निम्म्याहून जास्त उतार सोसतात, सावकाश भरणाऱ्यांना तेवढाही झेपत नाही, असं दिसलं. रॉबर्ट वर्कमननं १९६५ मध्ये प्रत्येक कप्प्याला प्रत्येक खोलीवर वेगळी मर्यादा दिली; तिला 'एम व्हॅल्यू' म्हणतात. नौदलाची १९५७ ची कोष्टकं कित्येक वर्षं हौशी डायव्हरांच्या पाट्यांवर होती. पण ती ज्यांच्यावर पारखली गेली ते तरुण, कसलेले नौसैनिक होते. पन्नाशीच्या, ढेरी सुटलेल्या पर्यटकाचं शरीर त्या नमुन्यात नव्हतं.

कोष्टक अपुरं पडलं

कुस्तो आणि गान्याँ यांनी १९४३ मध्ये ॲक्वालंग तयार केलं; हवा पाठीवरच्या टाकीत आली आणि डायव्हर नळीपासून मोकळा झाला. नळीला बांधलेला जुना डायव्हर तळाशी उतरून एकाच खोलीवर काम करायचा. नवा डायव्हर माशासारखा वर-खाली हिंडू लागला. कोष्टकाला ते समजत नसे. सगळा वेळ सर्वांत खोल जागीच घालवला असं ते धरून चालायचं. दहा मिनिटं तीस मीटरवर आणि अर्धा तास दहा मीटरवर घालवला, तरी हिशोब चाळीस मिनिटं तीस मीटरचा. मग प्रत्येक क्षणाची खोली धरून चालता हिशोब ठेवणारं काहीतरी अंगावर हवं, ही गरज स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेतल्या गॉर्डन ग्रोव्हज आणि वॉल्टर मंक यांनी १९५३ च्या अहवालात मांडली. त्यांनी हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राची कल्पनाही दिली. फॉक्सबोरो कंपनीनं १९५५ मध्ये तसं एक यंत्र अमेरिकी नौदलाला करून दिलं. चाचणीत त्याची उत्तरं एकसारखी येईनात, म्हणून नौदलानं ते नाकारलं.

बाजारात टिकलं ते इटलीचं. कार्लो अलिनारी यांनी रचलेला 'एसओएस' डीकंप्रेशन मीटर १९५९ मध्ये आला. हातावर बांधायच्या या गोल डब्यात सर्किट नव्हतं, बॅटरी नव्हती. आत वायूनं भरलेली एक लवचीक पिशवी. पाण्याचा दाब तिला दाबायचा, तसा वायू सच्छिद्र सिरॅमिकच्या तुकड्यातून झिरपत एका कडक कोठडीत जायचा. कोठडीतला दाब वाढला की वाकडी धातूची नळी किंचित सरळ व्हायची आणि काटा पुढे सरकायचा. वर येताना वायू त्याच सिरॅमिकमधून उलटा झिरपायचा. काटा लाल पट्ट्यात असला तर थांबायचं, बाहेर आला की वर यायचं. नायट्रोजनचं शरीरात जाणं-येणं एका भांड्याच्या तुकड्यातून हुबेहूब घडवून आणायचं, अशी ती देखणी कल्पना होती.

अडचण एकच होती: सिरॅमिकचा तुकडा एक, म्हणजे कप्पाही एक. हॉल्डेननं पाच मानले होते. मूग आणि छोले यांना एकच घड्याळ लावल्यासारखं ते झालं. खोल आणि लागोपाठच्या डाइव्हना ते नको तितकी सूट द्यायचं. कॅनडात किड आणि स्टब्स यांनी १९६० च्या दशकात चार कप्पे एकापुढे एक जोडून जास्त शहाणं यंत्र बनवलं, पण ते महाग होतं आणि निगराणीला अवघड. हवा, पिशव्या आणि झडपा यांनी जेवढं साधायचं तेवढं साधलं होतं. बाकीचं काम अंकांनीच होण्यासारखं होतं.

१९८३

ते वर्ष १९८३. एकाच साली दोन यंत्रं बाजारात आली. युरोपात 'डेकोब्रेन', अमेरिकेत ऑर्का कंपनीचं 'एज'. 'एज'मागचं गणित कार्ल हगिन्सचं. त्याच्या आधी मेरिल स्पेन्सरनं डॉप्लर ध्वनियंत्रानं शिरांमधले बुडबुडे ऐकले होते. कोष्टक पाळून वर आलेल्या, काहीही त्रास न होणाऱ्या माणसांच्या रक्तातही बुडबुडे वाहतात, हे त्यातून कळलं. म्हणून स्पेन्सरनं १९७६ मध्ये नौदलाच्या मर्यादा आखडून घ्यायला सांगितलं आणि हगिन्सनं त्या आखडलेल्या मर्यादा आपल्या गणितात घातल्या. 'एज'च्या स्क्रीनवर बारा कप्प्यांचे बारा उभे पट्टे दिसायचे आणि वर मर्यादेची एक वक्ररेषा. पट्टे वाढत रेषेपाशी आले की निघायचं. डायव्हरला स्वतःच्या हिशोबाचं चित्र डोळ्यांसमोर दिसत होतं. पुढच्या कित्येक यंत्रांनी हे चित्र काढून फक्त एक आकडा ठेवला. त्यात स्क्रीन सुटसुटीत झाली, पण आकडा कुठून आला ते डायव्हरच्या नजरेआड गेलं.

१९८७ मध्ये फिनलंडच्या सूंटोचं 'एसएमई-एमएल' आणि स्वित्झर्लंडच्या उवाटेकचं 'अलादिन' आलं आणि कॉम्प्युटर खऱ्या अर्थानं मनगटावर आला. सूंटो मुळात होकायंत्रांची कंपनी. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८८ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटावर शास्त्रीय डायव्हरांच्या संघटनेनं या यंत्रांवर बैठक घेतली. तिथे ठरलेले हे नियम आजही पाळले जातात: प्रत्येकाचा कॉम्प्युटर स्वतंत्र, जोडीतल्या दोघांची उत्तरं वेगळी आली तर जपून सांगणाऱ्याचं ऐकायचं, यंत्र बंद पडलं तर डाइव्ह तिथेच संपवून वर यायचं. त्याच वर्षी 'पॅडी' या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचं हौशी डायव्हरांसाठीचं नवं कोष्टक आलं. त्याचं गणित रेमंड रॉजर्सचं आणि चाचण्या स्त्री-पुरुष स्वयंसेवकांवर, डॉप्लर लावून. आजच्या यादीतला 'डीसॅट' तो हाच.

झुरिकचा घराणेदार

या वंशात आज जिकडेतिकडे दिसणारं नाव मात्र झुरिकचं आहे. डॉ. आल्बर्ट ब्यूलमान झुरिक विद्यापीठात होते. १९५९ पासून त्यांनी हानेस केलर या तरुण डायव्हरबरोबर काम सुरू केलं. केलर १९६१ मध्ये मॅजोरे तळ्यात २२२ मीटर उतरला. डिसेंबर १९६२ मध्ये त्यानं कॅटलिनाजवळ हजार फूट गाठले, पण त्या मोहिमेत त्याच्याबरोबर उतरलेला पत्रकार पीटर स्मॉल आणि मदतीला धावलेला क्रिस्टोफर व्हिटेकर हे दोघे दगावले.

विक्रमांपेक्षा महत्त्वाचं काम ब्यूलमान यांनी झुरिकच्या दाबकक्षात वर्षानुवर्षं केलं. स्वित्झर्लंडमध्ये समुद्र नाही. तिथली तळी डोंगरात, उंचावर. तिथे पृष्ठभागावरचा दाबच कमी, म्हणून नौदलाची समुद्रसपाटीची कोष्टकं चालत नसत. ब्यूलमान यांनी सुरुवातीपासून हवेचा दाब गणितातच घेतला. १९८७ मध्ये त्यांच्या आकड्यांची कसोटी ३,८०० मीटर उंचीवरच्या टिटिकाका सरोवरात लागली. त्यांचं पुस्तक १९८३ मध्ये जर्मनमध्ये आणि पुढच्या वर्षी इंग्रजीत निघालं. त्यात सगळे सहगुणक छापलेले होते. कुणीही ते उचलावेत, प्रोग्रॅम लिहावा, ताडून पाहावं. 'झेडएच' म्हणजे झुरिक, 'एल' म्हणजे रेषेत बसणाऱ्या मर्यादा, '१६' म्हणजे सहगुणकांच्या सोळा जोड्या. सोळा कप्पे, ४ मिनिटांपासून ६३५ मिनिटांपर्यंत. ब्यूलमान १९९४ मध्ये वारले. तीस वर्षांनीही शियरवॉटर, गार्मिन, ॲपल वॉच अल्ट्रावरचं ओशनिक प्लस, सगळीकडे त्यांचंच गणित आहे.

एक कप्पा, जवळून

हे गणित किती सरळ आहे ते एका कप्प्यावरून बघू. पाचवा कप्पा, अर्धा भरायला २७ मिनिटं लागणारा. १८ मीटरवर ५० मिनिटं हवेवर डाइव्ह केली, असं धरू. पृष्ठभागावर त्यात ०.७४ बार नायट्रोजन होता. १८ मीटरवर श्वासातला नायट्रोजन २.१६ बार. पन्नास मिनिटांत कप्पा १.७७ बारपर्यंत भरतो.

आता मर्यादा. ब्यूलमान यांचं सूत्र: दोनाला २७ च्या घनमुळानं भागा, म्हणजे दोन भागिले तीन, ०.६७. हा पहिला सहगुणक. दुसरा: १.००५ मधून २७ च्या वर्गमुळाचा व्यस्तांक वजा करा, ०.८१. प्रत्यक्ष अनुभव बघून पहिला सहगुणक कॉम्प्युटरसाठी कमी करून ०.६२ ठेवला. यादीतला 'सी' तो हा. या दोहोंवरून पृष्ठभागावरची मर्यादा येते १.८५ बार. आपला कप्पा १.७७ वर. मर्यादेच्या आत.

पण किती आत राहायचं? इथे एरिक बेकर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिलेले 'ग्रेडियंट फॅक्टर' येतात. बाहेरचा दाब १ बार, मर्यादा १.८५, म्हणजे मधलं अंतर ०.८५. त्यातलं किती टक्के वापरायचं ते तुम्ही ठरवा. ९५ टक्के वापरलं तर रेषा १.८१ वर येते आणि १.७७ चालतो. ८५ टक्के वापरलं तर रेषा १.७२ वर, आणि १.७७ चालत नाही. चढताना सुटणारा वायू इथे धरलेला नाही, तरी मुद्दा स्पष्ट आहे. तीच डाइव्ह, तेच शरीर, तोच अल्गोरिदम. एक सेटिंग म्हणतं वर या, दुसरं म्हणतं आधीच उशीर झालाय. गार्मिनच्या आणि शियरवॉटरच्या हौशी सेटिंगमध्ये 'लो' म्हणजे ४५/९५ आणि 'मीडियम' म्हणजे ४०/८५. यातला दुसरा आकडा पृष्ठभागाजवळचा, पहिला पहिल्या थांब्याचा. दुकानदार हा तपशील सहसा सांगत नाहीत, पण अल्गोरिदमच्या नावापेक्षा याचा फरक मोठा पडतो.

बुडबुड्यांची शाखा

याच वंशातून एक दुसरी फांदी फुटली. हवाई विद्यापीठात डेव्हिड याँट आणि त्यांचे सहकारी जिलेटिनमध्ये बुडबुडे कसे धरतात ते पाहत होते. विरघळलेल्या वायूची मर्यादा राखण्यापेक्षा सूक्ष्म बुडबुड्यांना मोठं होऊ न देणं महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. त्यातून 'व्हीपीएम' आला. लॉस अलामोसच्या ब्रूस विंकी यांचा 'आरजीबीएम' त्याच विचाराचा. तो सूंटो, मारेस, क्रेसी यांच्या यंत्रांत गेला. दोन्हींचा सल्ला: वर येताना खूप खोलवरच थांबे घ्यायला लागा. मत्स्यतज्ज्ञ रिचर्ड पाइल खोलातले मासे वर आणताना त्यांच्या पिशव्यांतली हवा काढायला वाटेत थांबायचे आणि थांबलं की नंतर कमी थकवा वाटतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तर्क पटणारा, अनुभव जोडीला. दहा-पंधरा वर्षं खोल डाइव्ह करणाऱ्या मंडळींत खोल थांबे हे शहाणपणाचं लक्षण ठरलं.

मग अमेरिकी नौदलाच्या प्रयोग केंद्रानं ते तपासलं. ५२ मीटरवर ३० मिनिटं, थांब्यांचा एकूण वेळ दोन्ही गटांत सारखाच १७४ मिनिटं. फक्त एका गटाचे थांबे उथळ, दुसऱ्याचे खोल. डूलेट, गर्थ आणि गॉल्ट यांचा अहवाल २०११ मध्ये आला. उथळ थांब्यांच्या १९२ डाइव्हमध्ये ३ जणांना त्रास झाला. खोल थांब्यांच्या १९८ डाइव्हमध्ये त्याच्या तिपटीहून जास्त जणांना. चाचणी ठरल्याआधीच थांबवावी लागली. कारण हॉल्डेनच्या कप्प्यांतच होतं: खोल थांबता तेव्हा सावकाश भरणारे कप्पे अजून नायट्रोजन घेतच असतात. एका चाचणीनं सगळे प्रश्न मिटले नाहीत, पण खोल थांबे आपोआप सुरक्षित हा समज मोडला. सूंटोच्या २०२४ च्या 'ओशन' घड्याळात आरजीबीएम नाही, ब्यूलमान आहे, ग्रेडियंट फॅक्टरसह. मारेसनंही नव्या यंत्रांत ब्यूलमान घेतला.

यातून मला एकच गोष्ट दिसते. झुरिकचे आकडे शरीराबद्दलचं अंतिम सत्य आहेत म्हणून जिंकले नाहीत. ते छापलेले होते, म्हणून तपासता आले, चुका दिसल्यावर दुरुस्त करता आले आणि प्रत्येकाला आपल्यापुरते आवळता आले. कंपन्यांनी कुलपात ठेवलेल्या गणिताला हे भाग्य लाभलं नाही. त्याच्यावर एकतर विश्वास ठेवायचा किंवा ते सोडून द्यायचं, तिसरा पर्याय नसतो. स्कॉटलंडमध्येच मार्टिन सेयर आणि सहकाऱ्यांनी ४३ प्रकारचे कॉम्प्युटर दाबकक्षात १५ ते ५० मीटरच्या समान डाइव्हवर नेले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. एकाच डाइव्हला यंत्रांची उत्तरं बरीच वेगवेगळी होती. दोन डायव्हर शेजारी शेजारी पोहत असतात आणि एकाला दहा मिनिटं उरलेली असतात, दुसऱ्याला थांबा घ्यावा लागतो, त्याचं मूळ इथे आहे.

मग घ्यायचं कोणतं

पहिली अट, अल्गोरिदम छापलेला असावा आणि त्याची मर्यादा तुम्हाला आवळता यावी. दुसरी, ती मर्यादा किनाऱ्यावर ठरवावी आणि पाण्यात बदलू नये. वय पन्नाशीकडे, वजन जास्त, पाणी गार, दिवसाची तिसरी डाइव्ह, प्रवासाचा शीण, असं काहीही असेल तर एक पायरी आवळून घ्यावी. यातलं काहीच यंत्राला कळत नाही. तिसरी, नेहमीच्या जोडीदाराच्या आणि तुमच्या यंत्राचं गणित आणि सेटिंग एकच असलं तर पाण्यात वाद होत नाहीत. नायट्रॉक्सची, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेची, सोय आज साध्या यंत्रांतही असते. बॅटरी स्वतः बदलता येणं आणि आकडे अंधुक पाण्यात वाचता येणं, हे रंगीत स्क्रीनपेक्षा जास्त मोलाचं.

आपल्याकडे याची गरज कुठे पडते? मालवणला शिक्षकाचा हात धरून पाच-सात मीटरवर होणाऱ्या पहिल्या डाइव्हला कॉम्प्युटर लागत नाही. तारकर्लीच्या एमटीडीसी केंद्रात किंवा इतरत्र कोर्स करून पुढे गेलेल्यांना लागतो. कान्होजी आंग्रे यांचं नाव मिरवणाऱ्या आंग्रिया बँकेवर तर नक्कीच. तो प्रवाळाचा पठारी भाग किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून लांब आहे आणि त्याचा माथाच वीसेक मीटर खोल. तिथे दिवसाला दोन-तीन डाइव्ह झाल्या आणि काही झालं, तर दाबकक्ष फार दूर.

आणखी एक गोष्ट सह्याद्रीमुळे खास आपली आहे. शेवटची डाइव्ह आटोपून संध्याकाळी गाडी काढली की आंबोलीच्या घाटात ६९० मीटर चढायचं, आणि पुण्याला जायचं तर मुक्कामही ५६० मीटरवर. डॅन या संस्थेचे विमानप्रवासाचे नियम दोन हजार फुटांपासून, म्हणजे सहाशे मीटरपासून लागू होतात: एका साध्या डाइव्हनंतर १२ तास, एका दिवसात अनेक किंवा अनेक दिवस डाइव्ह केल्यावर १८ तास. कॉम्प्युटरवर विमानावर काट मारलेलं चिन्ह दिसतं, ते घाटालाही लागू समजावं. उंचीचा हिशोब ब्यूलमान यांनी डोंगरातल्या तळ्यांसाठी केला, आपल्याला तो घाटासाठी लागतो. सलग दोन-तीन दिवस डाइव्ह केल्या असतील तर एक रात्र कोकणातच काढावी.

दुकानात विचारायचे प्रश्न दोनच आहेत. याचं गणित कुठे छापलंय? आणि माझ्यासाठी ते किती आवळता येतं? या दोन्हींचं सरळ उत्तर देणारं यंत्र स्वस्त असलं तरी चांगलं. पहिल्या डाइव्हच्या आधी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रेडियंट फॅक्टरचे ते दोन आकडे स्वतः वाचावेत, जोडीदाराला सांगावेत आणि मगच पाण्यात उतरावं.